तिसरी कॅसेट हेडफोन लावून ऐकली तेव्हा

ये रे मिलिंदा, असा जवळ सरकून बस. आधी मला थोडं बोलून घेऊ दे, मग बाकीचं. निफाडहून गंगापूर रोडला यायला तासभर लागतो. दुबईला गेलेली माणसं येऊन भेटून जातात, आणि माझ्या सख्ख्या भावाला तासाभराचा रस्ता सापडत नाही? फोन केला की, "आक्का, आता छाटणी चाललीय." पुढच्या वेळी, "आता डिपिंग हे, द्राक्षाचे घड औषधात बुडवायचेत." मग विरळणी, मग फवारणी, मग व्यापारी येणार असतो, की पुन्हा छाटणी. अरे, वेलीलासुद्धा वर्षातून महिनाभर विश्रांती देता तुम्ही लोक. त्यातले दोन दिवस बहिणीसाठी निघत नाहीत? तुझे दाजी गेले तेव्हा आलास, तेही उन्हात बाहेर उभा राहिलास आणि घोटभर पाणी न पिता संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. रडता रडता मी सगळं बघत होते.

झालं. आता नाही रागावत. मला माझं सांगायचंय, आणि ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तू "हं, हं" करतोस आणि लगेच तुझ्या बायकोच्या हातात फोन देतोस. शोभा बोलते छान, पण हे शोभाला सांगायचं नाहीये. म्हणून लिहिते. दुसऱ्या कोणी वाचलं तर वाचू दे. गाव सोडून आलेले पुष्कळ आहेत, आणि येऊन परत गेलेलेही. त्यांच्यातही कोणी माझ्यासारखी शहाणी निघेल.

मी गाव सोडलं तो दिवस तुला आठवायचा नाही. वऱ्हाडाचा टेम्पो होता. खाली कांद्याच्या गोण्या, त्यावर सतरंजी, सतरंजीवर सासरची माणसं आणि मध्ये मी, मांडीवर पत्र्याची ट्रंक. आप्पा साखर कारखान्यातून पाळी संपवून थेट आले होते, अंगाला मळीचा वास. त्यांनी टेम्पोचा फाळका लावला, कडी घातली, आणि कडी धरूनच उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी मायेचं बोलतील. तर म्हणाले, "तिथं हळू बोलत जा गं. भिंतीला भिंत असती."

बस, एवढंच. आपल्या वस्तीत या टोकाला बोललं की त्या टोकाचा माणूस उत्तर द्यायचा. आप्पांची गायन पार्टी जयंतीला पेटीवर बसली की पार कालव्यापर्यंत ऐकू जायचं. त्या घरातली मुलगी मी. पण आप्पांचं ते वाक्य मी असं काही धरलं, की सासरी गेल्यावर पहिला बदलला तो माझा आवाज. साडी नंतर बदलली.

सातपूरच्या कॉलनीतलं ते दोन खोल्यांचं घर तू पाहिलंयस, राहिलायस. बाहेरची खोली आणि आतली खोली. आतल्या खोलीतच चूल, म्हणजे स्टोव्ह, तिथेच मोरी, तिथेच धान्याचे डबे. सगळी कॉलनी कामगारांची आणि कारखाने तीन पाळ्यांचे, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी भिंतीपलीकडे कोणी ना कोणी झोपलेलं असायचंच. सासूबाईंचं एकच पालुपद, "हळू गं, पलीकडे माणूस पाळीवरून आलाय." मी भांडी अशी घासायची की जशी चोरून घासतेय. मुलं रडली तर पदर तोंडावर धरायची. पुढे पुढे मला कोणी सांगायची गरजच उरली नाही. मीच दुसऱ्यांना सांगायला लागले.

मग तू आलास, आयटीआयला. मग कारखान्यात चिकटलास. आणि मग तुला अस्लम भेटला.

जे हे वाचतील त्यांना सांगते, अस्लम म्हणजे जुन्या नाशकातला, आमच्या मिलिंदाच्याच खात्यात फिटर. गिटार वाजवायचा. त्याच्या चाचांचं भंगाराचं गोडाऊन होतं, तिथे पत्र्याखाली कितीही बोंबला, कोणी विचारत नव्हतं. तिथे यांचा बँड तयार झाला, चौथा गिअर. मराठीत रॉक! लोक म्हणायचे, हे काय आणि? मिलिंदा गायचा आणि कीबोर्ड वाजवायचा, ड्रमवर सुधीर, बिचारा आता नाही, आणि पुढे अस्लमची गिटार.

मी पहिल्यांदा ऐकलं ते कामगार मेळाव्यात. बायकांच्या रांगेत शेवटी बसले होते. अस्लमने ती पहिली तार ओढली ना, मिलिंदा, माझ्या छातीवरून काहीतरी उचललं गेल्यासारखं झालं. कोणी एवढ्या मोठ्याने काही करू शकतं, आणि त्याला कोणी "हळू" म्हणत नाही! शेजारची बाई कानात बोटं घालून बसली. मी हात मांडीखाली घेतले, कारण ते टाळ्या वाजवायला बघत होते. संगीतातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. चौथीपर्यंत शाळा. पण त्या दिवसापासून मी तुमची झाले. गिटार वाजली की मला रस्ता दिसायचा, घोटीच्या पुढे मोकळा पडलेला, आणि त्यावर मी एकटी चालतेय, मागे कोणी हाका मारत नाहीये.

पहिली कॅसेट 'घाटरस्ता' मी एवढी वाजवली की फीत दोनदा तुटली, दोनदा चिकटपट्टीने जोडली. दुसरी, 'डबल शिफ्ट', ती भाकऱ्या करताना. आवाज बारीक, स्टोव्हच्या आवाजाखाली दडवून. आणि तू गाणं झालं की आधी मला ऐकवायचास, आठवतं? "आक्का पास म्हणाली तर पास." मी उगाच चेहरा गंभीर करायची. अस्लम म्हणायचा, "सेन्सॉर बोर्ड बैठा है, चुप."

मला वाटतं तिथेच माझी चूक सुरू झाली. माझ्या शब्दाला किंमत आहे हे मला कळलं, पण किती आहे ते कळलं नाही.

अस्लम गल्फला गेला. घरात बहिणींची लग्नं होती, जाणं भाग होतं. तो गेला तसं चाचांनी गोडाऊन दुसऱ्याला दिलं. मग वर्ष-दीड वर्षाने तू तिसरी कॅसेट घेऊन आलास, 'आतली खोली'. मला वाटलं मनाबिनाची खोली असेल. गाण्यात खोली म्हटली की मनाचीच असते ना. मी हात पुसून, टेप लावून बसले. तू समोर ताट घेऊन बसलास पण जेवेनास.

आणि त्यात गिटार नाही! नुसता कीबोर्ड. या कोपऱ्यात कीबोर्ड, त्या कोपऱ्यात कीबोर्ड, श्वास घ्यायला जागा नाही. मध्येच गाणं बंद पडतंय, पुन्हा सुरू होतंय. गाणारा तू, पण असा गातोयस, जणू जरा आवाज चढला तर कोणाची झोपमोड होईल. मला राग आला, मिलिंदा. माझा रस्ता कोणीतरी बंद केला असं वाटलं. मी शेवटचं गाणं यायच्या आधीच बटण दाबलं आणि म्हणाले, "अरे, ही तर आपल्या गावातली पेटी. नुसता करंट लावलाय तिला."

तू "बरं" म्हणालास. ताट तसंच मोरीत ठेवलंस. महिन्याभरात राजीनामा दिलास. गोधडीच्या खोळीत कीबोर्ड गुंडाळून, खांद्यावर टाकून निघालास, आणि मी सगळ्यांना सांगितलं की आप्पांना बरं नसतं, बाग बघायला कोणी नाही, म्हणून गेला. आणि सांगून सांगून माझाही विश्वास बसला त्याच्यावर.

आता आत्ताचं सांगते. माझं इथे काही कमी नाही हे आधी लिहून ठेवते, नाहीतर राहुल वाचेल आणि वाईट वाटून घेईल. सातवा मजला, दोन्ही गुडघे नवीन, फ्रिजमध्ये फळं. सून प्रज्ञा औषधं डबीत वारांप्रमाणे लावून ठेवते. पण गच्चीतून आधी नदीकडची झाडं दिसायची, तिथे आता दुसरी इमारत उठलीय. तिची धूळ येते म्हणून खिडक्या बंद. दाराला कुलूप आहे ते बोटाने उघडतं, आणि माझं बोट त्याला ओळखू येत नाही. भांडी घासून, भाकऱ्या थापून रेषाच राहिल्या नाहीत म्हणे. मैत्रीने, नातीने, दहादा बोट लावून बघितलं, ते दहाही वेळा लाल झालं. मग नंबर आहे, पण तो राहुल दर महिन्याला बदलतो. एकदा खाली फिरायला गेले आणि जुना नंबर दाबत दारात पाऊण तास बसले. तेव्हापासून एकटी जात नाही. आणि गावी तुझ्याकडे यावं म्हटलं, तर तुझ्याकडचा संडास बसायचा. या गुडघ्यांना डॉक्टरांनी बसायची मनाई केलीय. हसू नकोस. माणूस म्हातारपणी कशाकशाने अडतो ते कोणी आधी सांगत नाही.

राहुलची नोकरी आता निम्मी घरूनच. दिवसभर त्याच्या मीटिंगा. मी पोळीचा डबा जरा जोरात ठेवला की दार उघडून बोट तोंडावर ठेवतो.

तर गेल्या महिन्यात अस्लम आला. हो, तो आलाय कायमचा, जुन्या नाशकात कुलपांचं दुकान टाकलंय. आल्या आल्या आमच्या दाराचं कुलूप बघून म्हणाला, "आक्का, ये ताला नहीं, इन्कम टॅक्सवाला है. ओळखच दाखवत नाही." मग मुद्द्यावर आला. चौथा गिअर ऐकणारे जुने लोक आहेत, पन्नासएक टकली, त्यांनी फोनवर ग्रुप काढलाय. सगळी गाणी नीट करून इंटरनेटवर चढवायचीत. पहिल्या दोन कॅसेटी मिळाल्या. तिसरी कोणाकडेच नाही. आणि बहुतेकांचं म्हणणं, जाऊ दे, तिसरी नकोच.

त्याने मला ग्रुप दाखवला. एकाने लिहिलं होतं, "तिसऱ्यात गिटार शोधायला दुर्बीण लागेल." दुसरा, "मध्येच लाईट गेल्यासारखं गाणं बंद पडतं." आणि त्याखाली तिसऱ्याने लिहिलं होतं, "आक्काने तेव्हाच सांगितलं होतं. करंट लावलेली पेटी." त्यावर वीस जणांनी हसरे चेहरे टाकलेले.

मी ते तुला एकट्याला, आपल्या घरात, एकदा म्हणाले होते. सुधीर बाहेरच्या खोलीत बसला होता म्हणे. त्याने चारचौघांत सांगितलं, आणि तीस वर्षं ते लोकांच्या तोंडात फिरतंय. तुझ्या कॅसेटचं पत्रिकेवर लिहावं तसं नाव होऊन बसलंय ते.

"तुझ्याकडे आहे का आक्का, थर्डवाली?" अस्लमने विचारलं.

होती. गंमत बघ, ज्या दोन जीव लावून वाजवल्या त्या झिजून गेल्या, आणि जी मी पुन्हा कधी ऐकली नाही ती कपाटात नव्यासारखी करकरीत. म्हटलं तरी शोभाला फोन करून विचारलं, तिकडे खोकंभर कॅसेटी होत्या ना, विकल्या न गेलेल्या? शोभा हसायलाच लागली. "त्या कुठल्या आता आक्का! ह्यांनी सगळ्यांची फीत काढून बागेवर बांधली ना, पाखरं हाकलायला. चांगली दोन हंगाम पुरली. वारा आला की लय गूं गूं वाजायची." मीही हसले तिच्याबरोबर. फोन ठेवला आणि कपाटातली माझी कॅसेट काढून हातात घेतली. आपल्याकडे सगळेच बांधतात फीत बागेवर, मला माहीत आहे. पण लोक जुन्या गाण्यांची बांधतात. स्वतःची कोणी बांधतं का रे?

अस्लमने कॅसेट नेली, कोणाकडून तरी साफ करून माझ्या फोनवर टाकून दिली. मी सकाळी अकरा वाजता लावली. दोन मिनिटांत राहुल दारात. "आई, कॉलवर आहे मी. हेडफोन लाव ना, प्लीज." आणि मैत्रीचे ते मोठे जांभळे हेडफोन माझ्या हातात ठेवून गेला.

म्हणून लावले. हौसेने नाही.

मिलिंदा, मी ही कॅसेट ऐकलीच नव्हती. त्या छोट्या टेपवर मी ऐकली ती तिची सावली. हेडफोनमध्ये पहिलं गाणं सुरू झालं आणि एक खालचा सूर धरलेला, तो गाण्यात सुटतच नाही. त्याच्यावर दुसरा येऊन बसतो, त्याला चिकटून तिसरा. डाव्या कानात एक सरकला की उजव्या कानातला जागा करून देतो. मी म्हटलं, हे मी कुठे बघितलंय? आणि मला ते घर दिसलं. दोन खोल्या, सहा माणसं. एकाला कूस बदलायची तर दुसऱ्याने पाय घ्यायचा. तू ते सगळं कीबोर्डमध्ये घातलं होतंस आणि मी म्हणाले, श्वास घ्यायला जागा नाही. अरे, नव्हतीच ना!

दुसऱ्या गाण्यात ती गचकन थांबणारी जागा आली, लाईट गेल्यासारखी. आणि तिथे मला एकदम तू दिसलास. गोडाऊन गेल्यावर तू गाणी बसवलीस कुठे? आमच्याच आतल्या खोलीत. पिठाच्या डब्याला पाठ टेकून, मांडीवर फळी, फळीवर कीबोर्ड, कानाला हेडफोन. गिटार घरात वाजवता आली नसती. भिंतीला भिंत. बाहेर ऐकू यायचं ते फक्त पट्ट्यांचं खट खट खट, जसा कोणी टाईप करतोय. राहुलची दहावी होती, सासूबाई आजारी होत्या. आणि मी यायची दारात, तोंडावर बोट ठेवून. तू एका कानावरचा हेडफोन उचलायचास, हात पट्ट्यांवरून वर घ्यायचास. मी गेले की पुन्हा.

आवाज तर येतच नव्हता रे. हेडफोनमधून बाहेर काय येणार होतं? तरी मी यायची. सवय.

त्या थांबण्याच्या जागा माझ्या आहेत. मी दारात आले तिथे गाणं थांबतं. स्टुडिओत कोण होतं तुला गप्प करायला? पण गाणं जसं बसलं होतं, तसंच तू वाजवलंस. चौथ्या गाण्यात तर तीनदा थांबतं. त्या दिवशी मी तीनदा आले असेन.

आणि मी तुला म्हणाले, गिटार कुठे गेली? गिटार मीच घरात येऊ दिली नव्हती.

तेव्हा मला रस्ता हवा होता. तरुण होते, अडकलेली होते, मला बाहेरचं काहीतरी ऐकायचं होतं. तू मला आतलं ऐकवलंस, मी कुठे अडकलेय ते. कोणाला आवडेल? आता या बंद खिडक्यांमागे, माझ्याच मुलाचं बोट त्याच्या तोंडावर बघत, ते हेडफोन लावून मला कळलं की आमच्या घरात त्या वर्षी आणखी एक जण अडकला होता, आणि ओरडायचं सोडून त्याने खालच्या आवाजात आठ गाणी केली. पहिल्या दोन कॅसेटी अजूनही छान आहेत. पोरांच्या आहेत. ही तिसरी माणसाची आहे.

मी ग्रुपवर लिहिलं हे. बोट दुखेपर्यंत लिहिलं. आधी थट्टा झाली, "आक्का कीबोर्ड पार्टीत गेली", "आक्का, गुडघ्यांबरोबर कानही बदलले का?" मी म्हटलं, हेडफोन लावा आणि मग बोला. दोघातिघांनी ऐकलं. एकाने लिहिलं, "अरे हो की." एवढंच. पण तो तोच होता, दुर्बीणवाला. आता तिसरी चढवायची असं ठरतंय.

पण आता खरं सांगायचं ते राहिलं. मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण हात पुढे जात नव्हता.

कव्हरवर नऊ गाणी आहेत. कॅसेटमध्ये आठच आहेत. नववं, 'मोठ्याने', त्याच्या जागी एक म्हातारा माणूस बोलतो, असं अस्लम म्हणाला. ते आप्पा आहेत.

तू गेल्यावर वर्षाने आप्पा डोळ्याच्या ऑपरेशनला आले होते आमच्याकडे. दाजींना वाटलं त्यांचा आवाज भरून ठेवावा. कोरी कॅसेट घरात नव्हती. मी ही काढली. फीत पुसली जाऊ नये म्हणून वर दोन भोकं असतात ना, त्यांवर मीच चिकटपट्टी लावली, शेवटच्या गाण्यापर्यंत पळवली आणि दाबलं बटण. ते गाणं मी कधी ऐकलंही नव्हतं. ऐकल्याशिवाय पुसलं. आणि त्या एकाच गाण्यात, सुधीरने नंतर अस्लमला पत्रात कळवलं होतं म्हणे, तू पूर्ण गळा सोडून गायलायस. सबंध कॅसेटभर दाबून ठेवलेलं तिथे सोडलंय. अस्लमने ऐकलं नाही, तो तिकडे होता. सुधीर गेला. ते आता तुझ्याशिवाय कोणाकडे नाही.

आप्पा काय बोलतात तेही सांगते. आधी म्हणतात, "काय बोलू? बारीक ठिवा रे आवाज, शेजारी पाळीवरनं आला आसंल." मग पावसाचं, कारखान्याचं. मग म्हणतात, "मिल्या बाग चांगली करतो. पण पेटीला हात लावत नाय. त्याला कोणी काय बोललं का गं?"

आणि त्यावर माझा आवाज आहे. चांगला ठणठणीत. "नाही हो आप्पा. त्याला कोण बोलणार?"

तुझ्या गाण्यावर मी ही थाप भरून ठेवलीय, मिलिंदा. तीस वर्षं ती माझ्या कपाटात होती. मी बोलले होते. मीच. आणि चुकीचं बोलले. तू परत गेलास ते आप्पांसाठी, असं मी सांगत फिरले. गेलास ते माझ्यामुळे. तू पुन्हा वाजवावंस की नाही, ते तुझं तू बघ. माफही नको करूस वाटलं तर. पण हे तुझ्या तोंडावर म्हणायचं आहे मला, कागदावर नाही.

मला कोणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर मी हल्ली गोंधळते. गावातलं घर तुझं. सातपूरचं विकलं, तिथे आता कोणीतरी मोबाईल दुरुस्त करतं. हे राहुल-प्रज्ञाचं. पण दुपारी हेडफोन लावला की पाऊण तास मी त्या आतल्या खोलीत असते. मोरी गळतेय, सासूबाई खोकतायत, दाजी पाळीवर निघालेत, तू डब्याला टेकून बसलायस. ज्या घरातून सुटायला बघत होते तेच आता माझं घर, आणि त्यातही एक गाणं कमी.

येत्या रविवारी राहुलला मीटिंग नाही, विचारून घेतलंय. इमारतीच्या ग्रुपवर मी स्वतः टाईप करून टाकलंय, रविवारी चार ते सहा आमच्याकडे आवाज होईल, क्षमस्व. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काय कार्यक्रम?" मी म्हटलं, "माझा भाऊ येतोय." आता मला खोटं पाडू नकोस. अस्लम त्याचा स्पीकर घेऊन येतोय. शोभा म्हणाली कीबोर्ड माळ्यावर आहे, फवारणीच्या पावडरच्या रिकाम्या पिशवीत. त्याला आण, वायर विसरू नकोस. आप्पांचा आवाज मी फोनवर पाठवणार नाही, कितीही मागितलास तरी. तो इथे बसून, माझ्याशेजारी ऐकायचा.

आणि गाणं आठवत नसेल, बोटं वळत नसतील, तरी ये. तू नुसता बसलास तरी चालेल. पण या वेळी आत येऊन बस, पाणी पी, आणि मोठ्याने बोल. लवकर ये रे.